अंड्यांमधला खिळा

चांदणी खुडूक बसून आज अकरावा दिवस होता आणि तिच्या पोटाखाली एकही अंडं नव्हतं. होते ते चुनखडीचे दोन गोटे. उल्काने ते विटेवर घासघासून गोल केले होते आणि कोंबडीने ते आपलेच म्हणून पोटाशी घेतले होते. दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची, की पुन्हा पिसं फुगवून गोट्यांवर. तिच्यापुढे रागीचे दाणे टाकताना उल्का तिच्या नजरेला नजर देत नव्हती. मुक्या जिवाला आपण फसवतोय याची तिला लाज वाटत होती.

फेब्रुवारीत मर आली आणि चार दिवसांत बावीस कोंबड्या गेल्या. सकाळी मान वाकडी, संध्याकाळी पाय वर. चांदणी तेवढी वाचली, कारण पायाला लागलं म्हणून ती घरात डालग्याखाली होती. सगळं खुराडं उल्काने चुन्याने सारवलं, दोनदा धुतलं, उन्हात उघडं टाकलं. जनावरांच्या डॉक्टरने बजावून सांगितलं, बाजारातला पक्षी आत आणायचा नाही. आणायचीच तर निरोगी घरची अंडी आणा आणि हिच्याखाली बसवा. चांदणी स्वतः अंडी द्यायची, पण घरात कोंबडा उरला नव्हता. ती अंडी पोळीबरोबर खाण्याच्याच कामाची.

निरोगी घर म्हणजे निपाणीच्या पुढच्या खेड्यात दिलेली तिची धाकटी बहीण श्यामला. पंधरा वर्षांपूर्वी उल्कानेच तिला आपल्या कोंबड्यांतली एक जोडी दिली होती. म्हणजे अंडी आली असती तर ती उल्काच्याच कोंबड्यांची नातवंडं, पतवंडं असती. श्यामलाचा गुडघा धरलेला, उल्काला एकटीने एवढ्या लांबचा प्रवास कधी जमला नव्हता आणि मालोजीला सुट्टी मिळत नव्हती. तेव्हा श्यामला म्हणाली, "अक्का, पार्सलानं पाठवते. आमच्या इथले लोक पाठवत्यात की. दोन दिवसांत जातंय."

"कोंड्यात घालून पाठव," उल्का म्हणाली होती. "तेरा घाल. सम नको. आणि खिळा-कोळसा डब्यातच घाल. वाटेत कुठं ढग गडगडले तर?"

अंडी बसवताना त्यांत लोखंडाचा खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे ढगांच्या आवाजाने आतला जीव दचकत नाही. उल्काची आई हे करायची, उल्का करायची, श्यामलाही करायची. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं दोघींनाही वाटलं नाही.

गुरुवारी निघालेलं पार्सल शनिवारी यायचं होतं. आता बुधवार उजाडला होता.

बेंगळुरात बनशंकरीच्याही पलीकडे, जिथे एके काळी शहर संपायचं, तिथे मालोजीचं घर आणि घरामागची मोकळी जागा होती. आता तिन्ही बाजूंना अपार्टमेंटं उभी होती आणि त्यांच्या गॅलऱ्या उल्काच्या अंगणात वाकून बघत होत्या. मालोजीचं काम पाणी सोडायचं. छातीएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो पहाटेपासून गल्लोगल्ली फिरे, रस्त्यातलं झाकण उचले, चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवी. कंत्राटावरची नोकरी. दोन वर्षांपूर्वी एका गल्लीतलं झाकण चोरीला गेलं, तेव्हा त्याला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं होतं. झाकण दुसऱ्याच कुणाकडे सापडलं, पण मालोजीच्या थोबाडीत बसली ती बसलीच. तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की त्याच्या तळहाताला घाम सुटायचा.

कोंबड्या गेल्यावर त्याने फाटकावर एक पाटी ठोकली होती. दोन खिळे, एक पत्रा, कन्नडात आणि इंग्रजीत रंगवलेलं: पार्किंगला जागा मिळेल. अपार्टमेंटवाले दोघे जागा बघूनही गेले होते. "एक तारखेपर्यंत तुझी पिल्लं निघाली तर निघाली," तो म्हणाला होता. "नाहीतर खुराडं काढू. रिकामं ठेवून काय करायचं?" तो रागाने बोलला नव्हता, म्हणूनच उल्काला धडकी भरली होती. रागाने बोलला असता तर भांडता आलं असतं. लग्न होऊन या घरात आली त्या वर्षापासून तिच्या दिवसाची सुरुवात खुराड्याची कडी काढून व्हायची. ती कडी गेली तर सकाळी उठून आपण जायचं कुठे, हे तिला खरोखर कळत नव्हतं.

"अहो, पार्सलाचं काही कळलं का?" चहा देताना तिने विचारलं. घरात मोठा फोन एकच, तो मालोजीकडे. पार्सलावर नंबर त्याचाच घातला होता.

"काय नाही." त्याने कपात बघत सांगितलं. "येईल की. स्वल्प दम धर."

"दम धरून आज सहावा दिवस. अंड्यातला जीव दम धरतो होय?"

मालोजीने चहा अर्धा ठेवला, चावी उचलली आणि गेला. चहा अर्धा ठेवणारा माणूस तो नव्हे. उल्काला ते खटकलं, पण दुपारी श्यामलाचा फोन आला तेव्हा ते डोक्यातून गेलं.

"अक्का, घात झाला!" श्यामलाचा आवाज चिरकत होता. उल्काचा साधा बटणांचा फोन, त्यातून ती आणखीच लांब वाटत होती. "पार्सल बेंगळुरातच हाय. अडवून ठेवलंय. मला फोन आला, खिळा कशाला घातलाय, काळी पूड कसली हाय म्हणून. मी म्हटलं अंडी हायत. तर म्हणतो, अंड्यात खिळा कशाला? मी काय सांगू? माझं तोंडच वाळलं. पोलिसांना कळवलंय म्हणाला. उद्या नष्ट करणार हायत."

"नष्ट म्हंजे?"

"मला काय ठावं! तू जा, अक्का. न्हाईतर नको जाऊ. आमचे हे म्हणत्यात, नाव घेऊ नका कुणी."

उल्का खाली बसली. खिळा तिनेच घालायला सांगितला होता, तिच्या तोंडाने, दोनदा. पोलीस म्हटल्यावर तिला मालोजीचा तो सुजलेला गाल आठवला.

मालोजी जेवायला आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. ऐकताना त्याच्या हातातला घास ताटात परत गेला.

"जायचं नाही," तो म्हणाला.

"अहो, पण अंडी..."

"जायचं नाही म्हणतो ना! सोडून दे. तेरा अंडी गेली म्हणून कुणी मरत नाही. आधार कार्ड मागतील, फोटो काढतील, पत्ता लिहून घेतील. उद्या कुठं काय झालं की आपल्या दारात येतील. तुला माहीत नाही गं ते कसे बघतात." त्याने ताट बाजूला सारलं. "माझ्याकडून येणं होणार नाही. आधीच सांगतो."

"तुमी येऊ नका," उल्का म्हणाली. आपण हे म्हणालो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

चामराजपेटला बस बदलून ती श्यामलाने सांगितलेल्या पत्त्यावर, पार्सलवाल्यांच्या गोदामाशी पोचली तेव्हा तीन वाजले होते. वाटेत दोनदा तिने उतरून परत फिरायचं ठरवलं आणि दोनदा बस पुढे गेली म्हणून ती पुढे गेली. पिशवीत आधार कार्ड, जुना टॉवेल आणि पाण्याची बाटली. एप्रिलचं ऊन गोदामाच्या पत्र्यावर तापत होतं. दारातल्या वॉचमनने तिला अडवलं. काळासावळा, पन्नाशीचा, खिशावर नावाची पट्टी: परसू. तिने मालोजीचा नंबर सांगताच त्याची नजर तिच्या हातातल्या पिशवीवर गेली आणि तो बाजूला झाला.

काउंटरवर गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण साहेब होता, प्रणीत नावाचा. नागपूरहून आलेला. उल्काने चाचरत कन्नडात सुरुवात केली, तर तो म्हणाला, "मराठी बोला ना काकू. मी मराठीच आहे." त्याने तसं म्हटल्यावर तिला बरं वाटलं, पण क्षणभरच.

"बघा काकू, तुमचं पार्सल होल्डवर आहे. स्कॅनमध्ये मेटल दिसलंय. लांब, टोकदार. आणि खाली ब्लॅक पावडर आहे. ते काय आहे?"

"खिळा. आणि कोळसा. फुटला असंल वाटेत."

"कशासाठी?"

उल्काने पदर ओढून घेतला. "ढगासाठी."

शेजारच्या टेबलावरची मुलगी टाइप करायची थांबली.

"ढग गडगडले तर अंडी बसतात, साहेब. म्हंजे आत जीव धरत नाही. म्हणून लोखंड घालतात." बोलता बोलता तिलाच ते बोलणं खोटं वाटायला लागलं. घरात जे कधी विचारावंही लागलं नाही, ते इथे ट्यूबलाइटखाली वेड्याच्या बडबडीसारखं ऐकू येत होतं.

"ओके," तो सावकाश म्हणाला. "पण काकू, आम्ही सोमवारी या नंबरवर कॉल केला होता. एक जेंट्स बोलले. पार्सल आमचं नाही म्हणाले."

"कोण?"

"तुमचाच नंबर आहे ना हा?" त्याने नंबर वाचून दाखवला. "दोनदा विचारलं मी. दोनदा नाही म्हणाले. म्हणून तर सस्पिशस झालं. घेणारा नाही म्हणतो, आत खिळा, काळी पूड. आम्ही तरी काय करायचं?"

तो नंबर उल्काला झोपेतसुद्धा पाठ होता. सोमवार. सोमवारी मालोजी घरी येऊन गप जेवला होता. मंगळवारी तिने विचारलं तेव्हा येईल म्हणाला होता. आज चहा अर्धा ठेवून गेला होता. तिने काउंटरची कड धरली.

"माझंच आहे," ती म्हणाली. "द्या."

द्यायला कुणी तयार नव्हतं. डबा गोदामात नव्हताच. तो मागच्या आवारात, भिंतीपासून लांब ठेवला होता. भोवती लाल दोरी, वर एक वाकडा पत्रा टेकवलेला आणि पत्र्याखालून तिरपं ऊन सरळ डब्यावर. पोलिसांना कळवलं होतं, ते येतो म्हणाले होते, अजून आले नव्हते. सोमवारपासून डब्याला कुणी हात लावला नव्हता.

"उन्हात?" उल्का किंचाळली. "तीन दिवस उन्हात?"

"काकू, सेफ्टी आहे. तुम्ही ओपन करणार असाल तर इथे सही करा. स्वतःच्या जबाबदारीवर."

तिने सही केली. अक्षरं कागदावर सांडली. मग प्रणीत, ती मुलगी, दोन हमाल आणि परसू, सगळे मागे सरकून भिंतीला लागले आणि उल्का एकटी दोरी ओलांडून आत गेली.

डब्यावर श्यामलाचं गोल गोल अक्षर होतं. ती उकिडवी बसली. चिकटपट्टीला हात लावला आणि थांबली. आत काय आहे हे तिला ठाऊक होतं, तरी पाठीमागे पाच माणसं भिंतीला चिकटून उभी असताना ते ठाऊक असणं पुरेना. हा डबा आपलाच कशावरून? वाटेत कुणी उघडला असेल तर? एवढे शिकलेले लोक भितात ते उगाच? मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरला. इथून उठून सरळ बसला जाऊन बसावं, असं तिला फार वाटलं. घरी जाऊन म्हणावं, तुमचं बरोबर होतं. मग तिला चांदणी आठवली, गोट्यांवर पसरून बसलेली, आणि तिने डोळे मिटून पट्टी ओढली.

कोंड्याचा वास आला. श्यामलाच्या घरचा, जुना, ओळखीचा वास.

कोळसा फुटून कोंडा काळा झाला होता. तिने एकेक अंडं बाहेर काढून टॉवेलवर ठेवलं. चार तडकलेली, एकातून वास सुटलेला. नऊ अख्खी. ती कोमट होती, उन्हाने कोमट, आणि ती ऊब कोंबडीची नाही म्हणून तिला शिसारी आली. तळाशी खिळा होता, चांगला चार बोटं लांब.

"अक्का," भिंतीकडून परसूचा आवाज आला. मराठी होतं, सीमेकडचं. "बसवायची अंडी न्हवं? आमची आईबी खिळा घालती."

उल्काने मान वळवली. "तुला ठाऊक होतं?"

"सोमवारीच वळाकलं." तो बुटांकडे बघत होता. "पर सायबांपुढं कोण बोलणार? काय इपरीत झालं असतं तर माज्या गळ्यात आलं असतं. नोकरी हाय, अक्का."

उल्काने त्याला शिवी द्यायला तोंड उघडलं होतं, पण त्याची नजर बुटांवरून उठत नव्हती, तशीच सकाळी मालोजीची कपावरून उठली नव्हती.

अंडी तिने टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतली. खिळा आणि कोळसा मात्र प्रणीतने पारदर्शक पिशवीत घालून ठेवून घेतला. "रिपोर्टला जोडावं लागेल, काकू. सॉरी." तो खरंच ओशाळला होता. तिला दारापर्यंत पोचवायलाही आला.

बसमध्ये ती पिशवी मांडीवर धरून, दोन्ही पाय उचलून बसली, खड्डा आला की धक्का आपल्या अंगावर जिरावा म्हणून. उतरली तेव्हा तिच्या मांड्या दगड झाल्या होत्या.

मालोजी पायरीवर बसला होता, चावी गुडघ्यांवर आडवी.

"मिळालं?"

"सोमवारी फोन आलेला तुमाला."

त्याने चावी पायरीवर उतरवून ठेवली.

"नाही म्हणालात."

"पोलीस म्हणाला गं तो." मालोजी म्हणाला. "पोलीस म्हटल्यावर माझं काय झालं मलाच कळलं नाही. तोंडातून गेलं, नाही म्हणून."

"आणि दुसऱ्यांदा?"

उल्का त्याच्या अंगावरून आत गेली. भांडायला तिच्याकडे ताकद नव्हती आणि अंडी टोक खाली करून रात्रभर विसावायला ठेवायची होती, नाहीतर प्रवासाने हललेला बलक जागेवर येत नाही.

गुरुवारी दिवेलागणीला तिने गोटे काढून नऊ अंडी चांदणीखाली सारली. चांदणीने चोचीने एकेक आत ओढून घेतलं आणि गळ्यातल्या गळ्यात बारीक आवाज काढला. उल्काच्या डोळ्यांत पाणी आलं. खिळा ठेवायचा मात्र तिला धीर होईना. त्या लोखंडाने केवढं रामायण केलं होतं! राहू दे, म्हणाली. ढग थोडेच येतायत.

पुढचे दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. आठव्या दिवशी कोनाड्याच्या अंधारात अंडी एकेक करून फोनच्या उजेडासमोर धरली. चार नुसती पिवळी, मोकळी. पाचांत लाल शिरांचं जाळं होतं आणि मधे एक काळा ठिपका हलत होता. फोन मालोजीनेच धरला होता. तिने मागितला नव्हता, तो आपण होऊन उभा राहिला होता. दोघं तेवढ्यापुरतंच बोलली. "वर धरा." "सरी, धरतो."

मग ती मोजत राहिली. दहावा, बारावा, पंधरावा. मांजर दिसलं की दगड घेऊन धावायची. चांदणी दाणे टिपायला उठून जरा जास्त रेंगाळली की उल्काचं काळीज हलायचं. अपार्टमेंटवाला येऊन विचारून गेला, एक तारखेपासून गाडी लावू ना? मालोजीने त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फाटकावरची पाटी तशीच होती.

विसाव्या दिवशी, महिनाअखेरीला, दुपारी चारला आभाळ एकाएकी काळं झालं. वारा नाही, पाऊस नाही, नुसता उकाडा. आणि मग बनशंकरीच्या बाजूने पहिला गडगडाट आला, लांबून, दगडांनी भरलेली गाडी उतारावरून सुटावी तसा. खिडक्यांची तावदानं थरथरली.

उल्का धुणं टाकून खुराड्याकडे धावली. चांदणी मान ताठ करून बसली होती, डोळा लाल. दुसरा गडगडाट जवळ आला. आपण खिळा ठेवला नाही. भ्यायलो म्हणून ठेवला नाही. आता शेवटच्या दिवशी ही पाचही गेली तर दोष कुणाला देणार, ना मालोजीला, ना परसूला, ना त्या नागपूरच्या पोराला. ती वेड्यासारखी लोखंड शोधायला लागली. विळा स्वयंपाकघरात, कडी दाराला ठोकलेली. "देवा, थांब रे," ती मोठ्याने म्हणाली. "एकच दिवस थांब."

फाटकाकडून खणकन आवाज झाला. मग पुन्हा एकदा. तिने वळून पाहिलं. मालोजी चावीचं टोक पाटीखाली घालून जोर लावत होता. पत्रा एका बाजूने सुटला आणि दुसऱ्या खिळ्यावर लोंबायला लागला. तो धावत आला. हातात वाकडा खिळा, बोटावर रक्त.

"घे," तो धापा टाकत म्हणाला. "गंजलाय स्वल्प. चालंल ना?"

उल्काने खिळा घेतला आणि चांदणीच्या पोटाखाली सारला. कोंबडीने तिच्या मनगटाला करकचून चोच मारली. तिसरा गडगडाट डोक्यावर झाला. मालोजीने मान खांद्यांत घेतली, पण जागचा हलला नाही.

हात काढता काढता उल्काने एक अंडं बाहेर आणलं. ते गरम होतं, कोंबडीच्या पोटाची ऊब. तिने ते कानाशी धरलं. काहीतरी होतं, पण तिच्या स्वतःच्या छातीतले ठोके एवढे मोठे होते की तिला खात्री वाटेना.

"तुमी बघा."

"मी?" तो मागे सरला. "माझ्या हातून पडंल."

"पडू देऊ नका."

मालोजीने दोन्ही तळहात जोडून अंडं घेतलं. त्याने मान वाकवून कान लावला आणि डोळे मिटून घेतले. वर आभाळ गडगडत होतं, गॅलऱ्यांत लोक वाळत घातलेले कपडे काढून घेत होते, फाटकावर पत्रा एका खिळ्यावर खडखडत होता. किती तरी वेळ तो तसाच उभा राहिला.

"अहो, काय?"

"चोच मारतंय," तो म्हणाला. मग तिने न विचारताच पुन्हा म्हणाला, "आपलंच आहे."